नळ्या काढल्या

सोन्याच्या दुकानात काउंटरला उभी राहणारी बाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघते. तोंड काय, गोडच असतं. घाटकोपरच्या दुकानात मी सगळी नोकरी हात बघण्यात घालवली. कोणता हात ट्रेवरून नुसता फिरतोय आणि कोणता एखाद्या अंगठीवर जरा जास्त रेंगाळतोय, हे मला झोपेतसुद्धा कळेल. घरचे म्हणतात, जयंती कोणावर विश्वासच ठेवत नाही. ठेवते की! पण आधी हात बघते.

तर अनंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुलुंडच्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं तेव्हापासून मी काचेबाहेर उभी राहून तेच करत होते. तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात अनंत. पित्ताशयातला खडा सरकून अडकला, त्याने स्वादुपिंड सुजलं आणि धडधाकट माणूस दोन दिवसांत आडवा झाला. त्याच्या मानेतून एक नळी आत घातली होती. ती पार हृदयाजवळ जाते म्हणे. बाहेर तिची रंगीत टोपणांची तीन तोंडं लोंबत होती. औषध, सलाईन, सगळं त्यातूनच. तिथले लोक तिला लाइन म्हणत. बाहेर बसलेले आम्ही नातेवाईक नळीच म्हणायचो.

आधी सगळं बरं चाललं होतं. तोंडावरचा मास्क निघाला, एक दिवस त्याने मला खुणेने चहा मागितला. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. आणि मग ताप चढला. औषध बदललं, ताप उतरला. परत चढला. पुन्हा औषध बदललं, पुन्हा तेच. अनंत काहीबाही बरळायला लागला. मला ओळखेना.

जरा जरा बरा होत आलेला माणूस हॉस्पिटलात पडल्या पडल्या परत आजारी कसा पडतो? मी विचारलं तर म्हणाले, इन्फेक्शन. अहो पण आलं कुठून? घरून तर नव्हतं आणलं. म्हणाले, आयसीयूत होतं कधीकधी, शोधतोय. कधीकधी! दुकानात माळ गहाळ झाली आणि मी मालकाला 'होतं कधीकधी' म्हटलं असतं, तर त्याच संध्याकाळी घरी बसले असते.

म्हणून मी हात बघू लागले. एक वॉर्डबॉय खाटेचा दांडा पुसायचा आणि त्याच हाताने अनंतची उशी सरळ करायचा. एक सिस्टर सारखा मास्क नाकाखाली ओढायची. गंधाली नावाची दुसरी एक होती, ती नळीच्या टोपणावर स्पिरिटचा बोळा घासायची खरी, चांगला वेळ लावून घासायची, पण एवढं निगुतीने कोण करतं? मला तिचाच जास्त संशय आला. दुकानात जो फार सावकाश आणि फार सभ्यपणे दागिने बघतो ना, त्याच्यावर आम्ही डोळा ठेवतो.

त्यात लिफ्टमध्ये एक वाक्य कानावर पडलं. हॉस्पिटलच्या ऑफिसातला एक टाय लावलेला माणूस दुसऱ्याला म्हणाला, "एक बेड आज-उद्यात खाली होईल, तोवर त्यांना थांबवून ठेवा." खाली लॉबीत एका बड्या घरचे लोक जमले होते, त्यांच्या म्हाताऱ्याला आयसीयूत जागा हवी होती. मी आयसीयूतल्या खाटा डोळ्यांसमोर आणल्या. बाकीचे पेशंट होते तसे होते. बिघडत चाललेला एकच होता, माझा.

हे मी राजेशभाऊजींना सांगितलं. राजेश माझे धाकटे दीर, बोरिवलीला असतात. जगातल्या प्रत्येक हॉस्पिटलात त्यांच्या ओळखीच्या कोणाची तरी वाट लागलेली असते. त्यांनी डोळे बारीक केले. "वहिनी, आता फक्त बघत राहा. बेड खाली करायचा असला ना, की हे लोक गोड बोलायला लागतात."

आता एक घरातली गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कोणाला कळायचं नाही.

माझे सासरे गुणाजी, गिरणी कामगार. गिरणी गेली, त्यानंतर काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने ते हॉस्पिटलात पडले आणि तिथेच गेले. तेव्हा सासूबाई, रुक्मिणीबाई, घरी होत्या. अनंतने शेजाऱ्यांकडे फोन केला आणि आईला बोलावून घेतलं. "आये, बाबांच्या नळ्या काढल्या," एवढंच तो बोलला. पुढचं वाक्य त्याच्या घशातून निघालंच नाही, फोन ठेवला. सासूबाईंना वाटलं, नळ्या काढल्या म्हणजे माणूस सुटला, आता तोंडाने खाईल. त्यांनी उकड्या तांदळाची पेज टाकली, डब्यात भरली, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली आणि बस पकडून गेल्या. वॉर्डात पोचल्या तर खाट रिकामी. डबा तसाच भरलेला परत आला.

त्या दिवसापासून आमच्या घरात पेज झालेली नाही. मालवणी माणसाचं घर आणि पेज नाही, कोणाला सांगून खरं वाटणार नाही. आणि आमच्याकडे कोणी गेलं तर गेला म्हणत नाहीत. त्याच्या नळ्या काढल्या, म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. नंतर माझ्याही तोंडात तेच बसलं.

आणि त्या दुपारी डॉक्टर धवल माझ्याजवळ आले. गुजराती मुलगा, मुलुंडमध्येच वाढलेला, मराठी आपल्यासारखीच बोलतो. गोड हसले. मी लगेच त्यांचे हात बघितले.

"काकी, काकांची नळी आज काढून टाकू या."

"का?"

"आता ठेवून उपयोग नाही. हे सगळं त्या नळीमुळेच चाललंय. सिस्टर कागद आणतील, सही करा." तेवढ्यात आतून त्यांना कोणीतरी हाक मारली आणि ते पळाले.

मी बाकावर बसले. हे सगळं त्या नळीमुळेच चाललंय. म्हणजे श्वास, नाडी, छातीचं ते वरखाली होणं, सगळं एका नळीवर चाललंय. आणि आता ठेवून उपयोग नाही. इतक्या सहज? पिशवीतली शिळी भाजी काढून टाकू या, म्हटल्यासारखं?

राजेशभाऊजी तोवर आलेच. ऐकून म्हणाले, "मी बोललो नव्हतो? बेड!"

गंधाली सिस्टर कागद घेऊन आली. इंग्रजी, बारीक अक्षरं, दोन-तीन पानं. राजेशभाऊजींनी चष्मा लावला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. "रिमूव्हल. सरळ लिहिलंय, बघा. लाज पण नाही." पुढचं त्यांनी वाचलं नाही. मीही नाही.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, उशीर नका करू," गंधाली म्हणाली. "जितकी जास्त राहील तितका त्यांना त्रास होईल."

"त्यांच्या त्रासाची काळजी तू नको करूस. मी आहे."

कागद बाकावर ठेवून ती आत गेली. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः बाहेर आले. आता हसत नव्हते.

"काकी, घाबरू नका. काकांना काही कळणारसुद्धा नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं?" माझा आवाज एवढा चढला की लिफ्टजवळचे लोक वळून बघायला लागले. "माझ्या माणसाचं तुम्ही दोन मिनिटांत काम करणार? आणि मी सही द्यायची? हात तर लावून बघा त्या नळीला!"

त्यांनी राजेशभाऊजींकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना मी वेडी वाटले असेन. "ठीक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या मनाविरुद्ध नाही करत. पण विचार करा आणि संध्याकाळच्या आत सांगा. नंतर माझ्या हातात फार काही राहणार नाही."

बघा. मुदत पण दिली.

मी परत काचेला जाऊन चिकटले. तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला. रडले असते तर डोळे भरून आले असते आणि मग हात कसे दिसले असते? अनंतचे ओठ सुकले होते. मान एका बाजूला कलली होती, त्या नळीवरची पारदर्शक पट्टी चमकत होती. मी ठरवलं, पुरावा पकडायचा. यांनी काहीतरी केल्याशिवाय ताप येत नाही. काय करतात ते बघायचंच.

दुपारभर मी तिथून हलले नाही. राजेशभाऊजी दोनदा चहा घेऊन आले, दोन्ही गार झाले. गंधालीने औषधाची सिरिंज आणली, टोपण घासलं, लावली, हळूहळू आत ढकलली. थोडा वेळ काही नाही. आणि मग अनंतला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, खाट हलायला लागली. पांघरुणावर पांघरूण घातलं तेव्हा कुठे थांबलं. मी मनात नोंद घेतली. पुढचं औषध आलं. ढकललं. थोड्या वेळाने पुन्हा तीच हुडहुडी. मधल्या वेळात ताप होता, पण थंडी नव्हती. थंडी वाजत होती ती फक्त सिरिंज लागली की.

सापडला. चोर सापडला की माझ्या कानशिलात ठोके पडतात, तसे पडायला लागले. पुढच्या सिरिंजनंतर तिसऱ्यांदा खाट हलली तेव्हा मी दार ढकलून सरळ आत गेले.

"काय भरलंय त्यात?" मी गंधालीच्या हाताकडे बोट दाखवलं. "खरं बोल. तू इंजेक्शन मारलंस की यांना थंडी वाजते. प्रत्येक वेळी! मी बघतेय. एरवी नाही, फक्त इंजेक्शन मारलं की. काय घालताय माझ्या माणसाच्या अंगात?"

वॉर्डबॉय धावला. गंधालीचा चेहरा पडला. पण डॉक्टर धवल पलीकडच्या खाटेपाशी होते, ते वळले आणि त्याला हाताने थांबवलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले.

पकडलेला माणूस कधी बरोबर आहे तुमचं म्हणत नाही.

"बाहेर या. बसा. मघाशी मी घाईत बोललो, आता नीट सांगतो."

बाहेरच्या बाकावर ते माझ्या शेजारी बसले. राजेशभाऊजी उभेच राहिले, हाताची घडी घालून.

"औषधात काही नाही, काकी. नळीत आहे. जंतू नळीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतात. त्या थरात औषध शिरत नाही, वरच्यावर निघून जातं. म्हणून ताप उतरतो आणि पुन्हा चढतो. आणि आपण नळीतून काही ढकललं की त्या थरातले जंतू सुटून रक्तात जातात. म्हणून थंडी. आम्ही नळीतलं रक्त आणि हाताच्या शिरेतलं रक्त, दोन्ही तपासायला दिलं होतं. नळीतल्या रक्तात जंतू आधी वाढले. आज दुपारी रिपोर्ट आला, म्हणून तर मी आलो तुमच्याकडे."

"पण ते नळीत गेले कसे? कोणाच्या हातून?"

त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. "ते मला सांगता येणार नाही. कातडीवरून गेले असतील, आमच्यापैकी कोणाच्या हातून गेले असतील. आम्ही काळजी घेतो, तरी जातात. घेतली नाही तर जास्त जातात."

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं, म्हणजे मला बरं पडलं असतं.

मला एकदम दुकानात येणाऱ्या बायका आठवल्या. रोजच्या वापरातलं मंगळसूत्र गाठवायला आणतात, वरून लखलखीत. म्हणतात, मी रोज साबणाने धुते हो. आणि वाट्या उलट्या करून बघितल्या तर आत वर्षानुवर्षांचा साबण, हळद, घाम, घट्ट थर होऊन बसलेला. वरून कितीही धुवा, तो निघत नाही.

"मग काढायची म्हणता ती..." मी म्हटलं.

"नळी. तीच काढायची. मग हाताच्या शिरेतून औषध देऊ. गरज लागली तर दुसऱ्या बाजूने नवीन घालू, त्याची सही हवी आहे."

"आणि माणसाचं काय करणार?"

"कोणत्या माणसाचं?"

"यांचं! नळी काढल्यावर यांचं काय करणार?"

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "अरे देवा," ते म्हणाले. "काकी, माणूस राहतो. नळी जाते."

राजेशभाऊजींच्या हाताची घडी सुटली. ते कागद घेऊन दुसरं पान वाचायला लागले. दुसऱ्या पानावर नवीन नळीबद्दल सगळं लिहिलं होतं.

मी सही केली. पण म्हटलं, "माझ्यासमोर काढायची. आमच्याकडे जुनं सोनं वितळवताना गिऱ्हाइकाला समोर उभं करतात."

"आत उभं नाही करता येणार. पण काढल्यावर दाखवतो."

आणि खरंच दाखवली. स्टीलच्या ट्रेमध्ये ती नळी पडली होती, बोटाएवढी जाड असेल असं मला वाटलं होतं, तर शेवयीसारखी बारीक. मी वाकून बघितलं. डोळ्यांत जेवढी म्हणून नजर होती तेवढी लावली. नळी स्वच्छ होती. ना डाग, ना बुळबुळ, ना काही.

"ही तर चांगली आहे!"

"दिसत नाही तो थर," डॉक्टर म्हणाले आणि नळीचं टोक कापून त्यांनी बाटलीत टाकलं. "दिसला असता तर सोपं झालं असतं."

माझ्या मागे राजेशभाऊजी कुजबुजले, "वहिनी, स्वच्छ होती ना? उगाच काढली तर नाही?" मी त्यांना गप्प बसा म्हटलं, पण आत तीच पाल चुकचुकत होती. आयुष्यभर डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि आता हे म्हणत होते की डोळ्यांना दिसत नाही त्यावर ठेवा. नाही ठेवला मी. पुन्हा काचेला जाऊन उभी राहिले.

त्या रात्री ताप चढाच होता. सकाळी गंधाली औषध घेऊन आली. अनंतच्या हाताला आता छोटी सुई होती. तिने टोपण घासलं, तसंच, चांगला वेळ लावून. काचेतून माझ्याकडे एकदा बघितलं. सिरिंज लावली, ढकलली.

मी काचेवर हात टेकवून उभी होते. आता हलेल खाट. आता वाजतील दात. गंधालीही तिथेच थांबली होती, हातात रिकामी सिरिंज धरून. काल मी तिला सगळ्यांसमोर चोर ठरवलं होतं आणि आज आम्ही दोघी एकाच गोष्टीची वाट बघत होतो.

काही झालं नाही. अनंतने नाक खाजवलं. मग डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं, काचेकडे बघितलं. आणि भुवया वर केल्या, घरी मी उशिरा आले की करतो तशा.

मी बाकावर येऊन बसले. मग पर्समधून फोन काढला आणि घरी लावला. सासूबाई एकट्या होत्या, पहिल्या रिंगलाच त्यांनी उचलला.

"आई, नळी काढली," मी म्हटलं. "बरं आहे आता त्यांना."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला फोनमधून ऐकू येत होती. "आई, तसं नाही," मी म्हणायला लागले. "खरंच नळीच काढली, मानेतली, त्यात जंतू होते, दिसत नव्हते पण..." आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. मी असते तर विश्वास ठेवला नसता.

"जयंती," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "पेज करू काय गो?"

हो म्हटलं तरी त्यांना पटलं नसतं, नळ्या काढल्या हे ऐकून त्यांनी एकदा पेज केलेली होती.

मी उठले, दार ढकललं. आत फोन नेलेला चालत नाही, मला माहीत होतं. गंधाली पुढे आली. माझ्या हातातला फोन बघितला, मग माझा चेहरा. फोन माझ्याकडून घेतला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, स्पीकर लावला, एका स्वच्छ पिशवीत घातला आणि अनंतच्या तोंडाशी धरला.

"आई आहेत," मी त्याला म्हटलं. "पेज करू का विचारतायत."

अनंतने ओठ ओले केले. त्याचा घसा इतका बसला होता की मलाच नीट ऐकू आलं नाही, गंधालीने फोन आणखी जवळ नेला.

"आये," तो म्हणाला. "मीठ घाल गो."

सासूबाई रडल्या नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. पलीकडून तांदळाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.